भिंत फोडून आणलेलं यंत्र

प्रिय डेना,

तुमच्या ॲरिझोनात आता उन्हाळ्यासारखं ऊन असेल. इथे मिशिगनच्या या उत्तर टोकाला तळं अजून गोठलेलं आहे, आणि आयलीने सकाळीच वेलदोड्याचा पाव भाजलाय. तिचा निरोप आहे, "डेनाला लिहा, तिकडचा दुकानातला पाव खाऊन जीभ बिघडवू नकोस म्हणावं." लग्न होऊन या घरात आल्यापासून ती मला पत्रात काय लिहायचं ते सांगतेय.

वाईट बातमी आधीच सांगून टाकतो. वॉशिंग्टनहून मिळणारं अनुदान जूनमध्ये संपतंय. आता आपला तंत्रज्ञांचा वर्ग स्वतःच्या पैशाने चालवायचा की बंद करायचा, हे कॉलेजचं मंडळ एप्रिलच्या बैठकीत ठरवणार आहे. मंडळातला लेस्टर हॅगस्ट्रम, तोच तो फर्निचरवाला, तर उघडच म्हणतो, "यंत्र विका आणि मोकळे व्हा."

म्हणजे वर्गाला शिकायला आणलेलं आपलं यंत्र! तुला तो फेब्रुवारी आठवतो ना? अनुदानाचा अर्ज आम्ही किती जणांनी वाचला होता. शब्द न् शब्द तपासला होता. देशाचं भवितव्य, खाणी बंद पडलेल्या गावांची दैना, सगळं त्यात होतं. फक्त कार्यशाळेचं दार कुणी मोजलं नव्हतं. जुन्या बोलिंग हॉलचं ते दार! ट्रक बर्फात उभा, यंत्र दारापेक्षा वीतभर रुंद, आणि तो ड्रायव्हर मला म्हणतो, "आजोबा, हे काही उपास करून बारीक होणार नाही." मी तिथेच पायरीवर चढून वर्गाला धीर देणारं भाषण सुरू केलं. तू तेव्हा इस्पितळाच्या धोबीखान्यातून कमी केलेली, दोन पोरांची आई. सप्टेंबरपासून वर्गात तोंड उघडलं नव्हतंस. तू घण उचललास आणि म्हणालीस, "बाजूला व्हा हो ओर्विल. तुमचं भाषण संपेपर्यंत बर्फ वितळेल." भिंतीवर पहिला घाव तुझा होता. संध्याकाळी धुळीने पांढरे झालेले आपण सगळे यंत्राभोवती बसून गरम पास्टी, ते खाणकामगारांचे मांस-बटाटा भरलेले कानवले, खात होतो, आणि त्यावर केचप घालायचं की रस्सा, यावरून तू माझ्याशी भांडत होतीस. तू कॉर्निश, मी फिनिश. दोघांचे आजोबा इथल्या खाणींवर आले, तेव्हापासूनचं हे भांडण.

मग मे महिन्यात अनुदानवाले पाहुणे आले. त्यांच्यातल्या बाईंनी तुलाच विचारलं, इथे काय शिकलात? मी छाती भरून श्वास घेतला होता, पण तू आधी बोललीस. "यंत्र मागवण्याआधी दार मोजायचं." सगळे हसले. मग तू म्हणालीस, "आणि दार लहान निघालं तर यंत्र परत पाठवायचं नाही." त्या बाई हसायच्या थांबल्या. त्यांनी मागे वळून भिंतीतल्या नव्या विटांकडे पाहिलं. त्या विटा अजूनही बाकीच्या भिंतीपेक्षा लाल दिसतात. जाता-येता मी त्यांच्यावर हात ठेवतो.

लोक अनुदानाला भीक म्हणतात तेव्हा माझं रक्त उकळतं, डेना. या डोंगरांच्या पोटातलं लोखंड देशाच्या पुलांत गेलं, रेल्वेत गेलं, दोन युद्धांत गेलं. आमच्या बापांची फुप्फुसं त्या धुळीत गेली. त्यातलं मूठभर या मुलांच्या हातात परत आलं, तर ती भीक कशी? विद्यापीठासाठी पैसे मागितले की त्याला भविष्य म्हणायचं, आणि यंत्र दुरुस्त करणारे हात घडवायला मागितले की खर्च! हे मी या मंडळासमोर दरवर्षी ओरडून सांगत आलो. लेस्टर घड्याळ टेबलावर ठेवून विचारायचा, "ओर्विल, तुझ्या घड्याळात पाच मिनिटं म्हणजे किती रे?" मी त्याला भर सभेत कंजूष म्हणायचो. आता तो रस्त्यात भेटला की टोपी काढतो, माझा हात हातात धरून उभा राहतो. त्याने टोमणा मारलेला मला परवडला असता.

कारण जानेवारीत डॉक्टरांनी माझ्या घशातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. तो परत येणार नाही. मी पाटीवर लिहून बोलतो. आयली म्हणाली, "चला, इतक्या वर्षांत माझं एक वाक्य तरी पूर्ण झालं." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. तू एप्रिलमध्ये ये. माझ्या वतीने कुणीतरी कागद वाचून दाखवेल, असं प्राचार्य म्हणतात. मला ते नको आहे. हे पत्रही तिथे वाचू नकोस. तू उभी राहा आणि तुझं तू बोल. "मला बोलता येत नाही," असं तू म्हणशील हे मला ठाऊक आहे. मंडळ पाच मिनिटं देतं. तुला त्या वेळी दोन वाक्यं पुरली होती.

तुझाच,
पहिल्या रांगेत गप्प बसणारा,
ओर्विल किवेला