बंगारी गवत खाते

३ फेब्रुवारी २०२२
पुन्हा ओकली! बंगारीने सकाळी कुंपणाजवळचं गवत कराकरा खाल्लं आणि ह्यांच्या सोफ्यावर सगळं बाहेर — हिरवी पाती, केस, फेस. हे ओरडले, "रोग लागलाय त्या मांजराला. नेऊन सोडतो कुठेतरी." मी म्हटलं, रोग नाही. "तुला काय कळतं?"

एकतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं मी! कळतं की नाही, दाखवतेच.

४ फेब्रुवारी
जुन्या वहीत रकाने आखले. गवत कधी खाल्लं, आधी कशी होती, नंतर ओकली का.

९ फेब्रुवारी
अकरा वेळा गवत. ओकली दोनदाच. आणि प्रत्येक वेळी आधी धडधाकट — मासळी-भात फस्त, सरड्यामागे धूम. आजारी मांजर असं करतं होय?

जेवताना ह्यांना वाचून दाखवायला लागले. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी टीव्ही बंद केला. लग्नाच्या चौतीस वर्षांत पहिल्यांदा! "साकू!" म्हणाले. म्हणजे कानडीत पुरे. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

११ फेब्रुवारी
बंगारीला टोपलीत घालून बसने जनावरांच्या डॉक्टरांकडे. डॉ. चिदंबर. पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या. "काही झालेलं नाही हो, टीचर. बहुतेक मांजरं गवत खातात, तीही चांगली असताना. रानातल्या त्यांच्या पूर्वजांच्या पोटात जंत असायचे. गवताने आतडी हलायची, जंत बाहेर पडायचे. आता जंत नसले तरी सवय राहिली — असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. औषध मारलेलं गवत तेवढं खाऊ देऊ नका."

हे सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं. फ्रिजवर चिकटवलं.

१२ फेब्रुवारी
देवळातून आले तर चिठ्ठी नाही. बंगारीही नाही.

"पळाली," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता. स्कूटरवर रिकामं पोतं, आत तिचे पिवळे केस. कुठे सोडली? पोतं पुढ्यात टाकून विचारलं. "हूटगळ्ळीला, कारखान्यांच्या मागे. अय्यो, एका मांजरापायी एवढं काय?"

चपला घातल्या.

१३ फेब्रुवारी
काल अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. आज पुन्हा, सकाळपासून. एक वॉचमन हसला, "दुसरं बेक्कू मिळेल की अम्मा. मैसूरात मांजरांना काय तोटा!" म्हटलं, मला हेच हवंय.

ह्यांचा फोन. "वनजा, लोक काय म्हणतील? घरी ये." म्हटलं, त्या लोकांनाही शोधायला पाठवा!

१४ फेब्रुवारी
सापडली! सिमेंटच्या पाइपांमागे. पुढचा पंजा सोललेला, आवाज बसलेला. मला बघून लंगडत आली. भर रस्त्यात खाली बसले, तिला पदरात घेतली आणि रडले. बघोत कोण बघायचं ते.

आमच्या मेटगळ्ळीची बस आली. जाऊ दिली.

१५ फेब्रुवारी
लष्कर मोहल्ला. शाळेतल्या माझ्या मैत्रिणीचं, विशालाक्षीचं घर. वरची खोली तिने मला दिली.

ह्यांचा — नाही, मनोहररावांचा फोन. "बरं बाई, मांजराला घेऊन ये."

म्हटलं, मांजराचं राहू द्या. मी यायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.