धुराची सोय

२ मार्च, सोमवार.
सकाळीच लेकीचा फोन. बावीस तारखेला, रविवारी, ती आणि जावई जेवायला येणार. जेवण हे निमित्त. मी एकटा राहू शकतो की नाही, हे ठरवायला येताहेत. मागच्या महिन्यात एकदा दूध उतू गेलं, पातेलं जरासं वितळलं, त्याचं एवढं रामायण. म्हणाली, बाबा, इकडे तुमची खोली तयारच आहे. म्हणजे निकाल आधी, परीक्षा नंतर.
संकल्प: असं जेवण घालायचं की पुन्हा विषय काढायची सोय राहू नये.

४ मार्च.
इलेक्ट्रिक स्मोकर आणला. लोखंडी कपाटच ते. आत कोंबडी टांगायची, खाली लाकडाचा चुरा धुमसत राहतो, चार तासांत मांस तयार. जाळ नाही, गॅस नाही. दुकानदाराने विचारलं, अंगण आहे ना? म्हटलं, आहे. तिसऱ्या मजल्यावर कसलं अंगण, पण परक्या माणसाला घरच्या गोष्टी कशाला सांगा.
शाळा सातवीपर्यंत, पण लाँड्रीच्या बॉयलरवर चौतीस वर्षं काढली. धूर म्हणजे वाफेचा काळा भाऊ. वाट दाखवली की जातो.

६ मार्च.
चाचणी पहिली. खिडकीत टेबलफॅन, तोंड बाहेर. अर्धा तास उत्तम. मग वारा फिरला. यात माझी चूक नाही. पडदे, उशा आणि मी, सगळे नीट धुरावलो. कोंबडी तेवढी कच्ची राहिली. नाडी ९२. पुन्हा मोजली, ९६. मोजणं बंद.

९ मार्च.
बाथरूममध्ये हवा जायची जाळी आहे. तिच्यामागे गच्चीपर्यंत गेलेली पोकळ शाफ्ट, सगळ्या मजल्यांची एकच. म्हणजे जागा ऐसपैस. कपडे वाळवायच्या मशीनचा मऊ पाइप आणला. एक तोंड स्मोकरला, दुसरं जाळीत, फटींना चिकटपट्टी. खोलीच्या छताला लावलेल्या धुराच्या अलार्मला आंघोळीची टोपी घातली. जरा काही झालं की बोंबलतो. घाबरट स्वभाव मला आवडत नाही.

११ मार्च, बुधवार.
पूर्ण यश. घरात धुराचा मागमूस नाही. कोंबडी सोनेरी. धूर कुठे गेला? गेला. वाफ कुठे जाते, असं चौतीस वर्षांत कोणी विचारलं नाही.

१३ मार्च.
वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, आजोबा, तुमच्याकडे वास येतो का हो? आमच्या बाथरूममध्ये बुधवारपासून काहीतरी जळतंय. टॉवेलने तोंड पुसलं की भूक लागते. म्हटलं, वायरिंग तपासून घ्या. बाई शिकलेल्या, पण घराकडे लक्ष नाही. काही माणसांनी एकटं राहू नये हेच खरं.

१६ मार्च.
इमारतीच्या सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. आमच्या वरच्या चारही मजल्यांची तक्रार. सेक्रेटरी म्हणाले, काका, तुम्ही बॉयलरवाले, तुम्ही शोध समितीवर या. गेलो. दारोदार हुंगत फिरलो. माझं घर तपासायचं राहिलं, कारण तिथे वास येत नाही.
शेवटी मीच निदान केलं: वास गच्चीवरून शाफ्टमध्ये उतरतो. वरचं तोंड बंद करा. एकमताने मंजूर. टाळ्याही पडल्या, दोघांच्या.

२१ मार्च, शनिवार.
सुताराने गच्चीवर शाफ्टचं तोंड फळी ठोकून बंद केलं. शिडी मी धरली. सुतार दोनदा म्हणाला, काका, नीट धरा. शिडीच जुनी आहे. उद्यासाठी शर्टाला इस्त्री.

२२ मार्च, रविवार. सकाळी ९.
स्मोकर सुरू. सगळं काबूत. लेक एक वाजता येईल.

दुपारी १२.४०.
धूर परत येतोय. वाफ असं कधी करत नाही.

संध्याकाळी.
लेक आली तेव्हा सबंध इमारत रस्त्यावर उभी होती, ओल्या टॉवेलांनी नाकं दाबून. शिक्षिकाबाईंनी माझा दंड धरला होता. गर्दीत त्याच घाबरल्या असतील. जावयाने वर जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, अलार्मची टोपी काढली. मग तो वीस मिनिटं बोंबलला, साठवल्यासारखा. सेक्रेटरी लेकीला सांगत होते, ताई, काका समितीवर होते हो आमच्या.
लेक रागावली नाही. रागावली असती तर उत्तर तयार होतं. तिने कोंबडीचा एक तुकडा खाल्ला, म्हणाली, छान झालीय बाबा. आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

२४ मार्च.
लेकीकडे. वास जाईपर्यंत, दोन-चार दिवस. निर्णय माझाच. स्मोकर शिक्षिकाबाईंना देऊन टाकला. गच्चीवर लावतात म्हणे, उघड्यावर. पाइप लागत नाही.

३० मार्च, दुपारी ४.
आज चहा मी करतो म्हटलं. कोणी नको म्हणालं नाही. मी गॅस पेटवला तशी लेक दारात येऊन उभी राहिली. काय गं? म्हणाली, सहज. तिच्यामागे जावई आले, सहज. नात अभ्यास टाकून आली, तीही सहज.
चहा चांगला झाला. चौघांनीही ओट्यापाशी उभ्यानेच घेतला. मग लेकीने माझ्यादेखत गॅस बंद आहे का ते बघितलं.
बंदच होता. मी आधी दोनदा बघितलं होतं.