बाभळीवरच्या माळा

३ ऑगस्ट १९९८
अखेर पंचवटीत बिऱ्हाड थाटलं. बिऱ्हाड म्हणजे मी, एक स्टोव्ह आणि रक्ताच्या नळ्या थंड ठेवायचा डबा. घरमालकीण लंकाबाई. त्यांचा मखमलाबादला फुलांचा मळा आहे, आणि बुधवारी-रविवारी सकाळी त्या ओट्यावर बसून काविळीची माळ देतात. म्हणून तर ही खोली घेतली. काविळीच्या विषाणूंवर संशोधन करायला मी मिरजेहून आलो आणि रोगी माझ्याच जिन्याखाली रांग लावतात. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

१२ ऑगस्ट
माळेची गंमत कळली. मुळीचे इवले तुकडे दोऱ्याच्या सैल गाठींत अडकवून लंकाबाई छोटं कडं करतात आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. तुकडे वाळतात, गाठी सुटतात, कडं वाढून गळ्यात उतरतं आणि हळूहळू पोटापर्यंत येतं. माळ कावीळ ओढून घेते म्हणून वाढते, असं लोक म्हणतात. मग बरा झालेला रोगी ती नदीकाठच्या बाभळीवर टाकतो आणि मागे न बघता घरी जातो. मी लंकाबाईंना समजावलं, की बहुतेकांचं यकृत आपोआपच सुधारतं, माळ नुसती फुकटचं श्रेय घेते. त्या हसून म्हणाल्या, मानूस बरं होतंय ना, मग तुमचं काय जातंय? रोग्यांचं रक्त घेऊ देतात, वर मला चहा पाजतात. बाई मोठ्या मनाची आहे.

२३ ऑगस्ट
सातपूरच्या कारखान्यातला सोमनाथ बरा झाला. आज तो माळ टाकायला गेला, तसा मीही मागोमाग गेलो. तो दिसेनासा झाल्यावर त्याची आणि आणखी बऱ्याच माळा बाभळीवरून काढून आणल्या. प्रबंधासाठी मोजमाप हवंच होतं. खोलीत खिळ्यांना टांगल्या.
लंकाबाईंनी पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की टाकलेली माळ घरात आणली की तिनं घेतलेलं ती माघारी देते, आणि ज्याचं होतं तो तर निघून गेलेला असतो. परत टाकून या डाक्टर, म्हणाल्या, आन् मागं बघू नका. मी हो म्हटलं. टाकल्या मात्र नाहीत.

३० ऑगस्ट
आठवडाभर चहा नाही. जिन्यात भेटल्या तर लंकाबाई भिंतीकडे तोंड करतात. या गावात माझं दुसरं कोण आहे? दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही.
माळा आखडल्यात. सोमनाथची पोटापर्यंत यायची, आज छातीएवढीच भरली. दमट हवेचा परिणाम असणार.

६ सप्टेंबर
आरशात डोळे पिवळे वाटले. उन्हात बघायला हवेत, पण बघणार कोण? लहानपणी आई अंगणात उभं करून खालची पापणी ओढून बघायची. आज तिची फार आठवण आली. ओट्यावर जाऊन लंकाबाईंना विनवलं, जरा डोळे बघा. त्यांनी फुलांवरून मान वर केली नाही. माळ माघारी आणणाऱ्याकडे बघायचं नसतं म्हणे.
स्वतःचं रक्त तपासलं. काही नाही. काविळीत सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. मला तर माझ्याशिवाय काहीच पिवळं दिसत नाही.

१० सप्टेंबर
अन्न नकोसं झालंय. उजव्या बरगडीखाली सतत दुखतं. रक्तात पुन्हा काही नाही. भिंतीवरच्या माळा बांगडीएवढ्या झाल्यात, एक सोमनाथची सोडून. घाबरलोय. यातून मी जगणार नाही असं वाटतं.

११ सप्टेंबर
सगळ्या माळा बाभळीवर टाकल्या आणि निघालो. मागे बघायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं. पण कुणीतरी हाक मारली, डाक्टर — किती दिवसांनी कुणी मला हाक मारली होती. वळलो.
कुणी नव्हतं.
खोलीत आलो तर माळा खिळ्यांवर.

१३ सप्टेंबर
लंकाबाईंकडे माझ्यासाठी माळ मागितली. रोग्यांनीही माना फिरवल्या. खाली बघूनच त्या म्हणाल्या, माघारी आणणाऱ्याला माझी माळ लागू पडत नाय. डोळ्यांना पदर लावला होता.
शेवटी सोमनाथचीच गळ्यात घातली. वाढली तर ओढून घेईल. माझं शास्त्र — असो.

१५ सप्टेंबर
वाढत नाही. काल छातीवर होती, आज गळ्याशी. डोक्यावरून निघत नाही. कात्री लावली. दोरा तुटत नाही —

उजाडलं.
गॅलरीतून हाका मारल्या. ओट्यावर माणसं आहेत. ऐकू जातंय त्यांना — पाठी ताठ झाल्या. कुणी मागे बघत नाही. बघू नयेच, आता मला कळतं — पण एकदा — नुसते डोळे उन्हात — कुणीतरी —
मघाशी आत बोट मावत होतं. आता —