अळणी महिना

गिरगाव, मंगळवार, कार्तिक, सन १८९४

उद्या अर्ज टपालात टाकायचा आणि आज मी त्यातलं मुख्य वाक्यच खोडून बसलो आहे. मूत्रपिंडाच्या रोगाच्या संशोधनाला सरकारने मदत द्यावी, कारण माझ्या औषधाने सूज उतरते, असं ते वाक्य. पुरावा म्हणून माझगावची कोळीण जानकी आज यायची होती. महिन्यापूर्वी आली तेव्हा हात इतके सुजलेले की बांगड्या मांसात रुतल्या होत्या.

आज आली ती बांगड्या खुळखुळवत! लघवी नळीत उकळून पाहिली. मागच्या वेळी दह्यासारखा साका धरला होता, ही या रोगाची खूण; आज जेमतेम गढूळ. मी फुशारून म्हटलं, "औषध वेळेवर घेतलंस ना?"

तिने पदराआडून बाटली काढली. भरलेली, बूचही तसंच. "रागावू नका, डाक्टर. देवीला बोलले होते, म्हैनाभर अळणी खाईन. वर औषध घेतलं तर तिला वाटंल, माझा इस्वास नाय."

रागावलो, खोटं कशाला लिहू? मग पुन्हा त्या बांगड्या दिसल्या. रोज खारी मासळी खाणारी बाई, महिनाभर मिठाशिवाय! एकीवरून सिद्ध काही होत नाही. पण मीठ आणि सूज, यांचं नातं काय? औषधाच्या जागी हा प्रश्नच लिहिला. अर्ज प्रथमच खरा वाटला.

'अळणी'ला मनाजोगा इंग्रजी शब्द सापडेना, म्हणून अर्जात मराठी शब्दच तसाच ठेवला. साहेबाने अर्थ विचारलाच, तर जानकीला घेऊन जाईन आणि नुसता हात हलवायला सांगेन.