सूप सगळ्यांना, पुस्तकही सगळ्यांना

न्यू बेडफर्ड, बुधवार

प्रिय फिलोमेनाताई,

धाकट्या हर्मिनियोचा नमस्कार. आशीर्वाद इथूनच मागतो. तुझा गुडघा काय म्हणतो? (माझा डावा रोज काहीतरी म्हणतो, मी ऐकत नाही.) तुझं पत्र पोचलं. मी कायमचा आपल्या साओ जॉर्ज बेटावर परत येणार आहे, की माझ्या तिथल्या दोन खोल्या लग्न ठरलेल्या तुझ्या नातीला, ग्रासाला द्यायच्या, ते एका शब्दात कळव, असं तू लिहिलंस. कळवतो. पण आधी इथे काय झालं ते ऐक, नाहीतर तो शब्द तुला नुसताच कोरडा वाटेल.

इथल्या वाचनालयात मिस केट्रिज नावाची पोरगी आहे. पोरगी कसली, हिरा आहे. मी गेलो होतो ऊब घ्यायला (आमच्या घरी तुझी भावजय झुल्मिरा हीटर लावू देत नाही), तर तिने माझा मोबाईल घेतला आणि त्यात आख्खी कादंबरी घालून दिली. म्हणाली, सध्या देशभरातली वाचनालयं हे एकच पुस्तक सगळ्यांना देतायत, दोन आठवडे, फुकट, रांग नाही, कितीही जणांनी घेतलं तरी संपत नाही. मी म्हटलं, पोरी, हे तर आमचं पवित्र आत्म्याच्या सणाचं सूप झालं! दारात येईल त्याला वाढायचं, कोण कुठला ते विचारायचं नाही. ती हसली आणि म्हणाली, मग शेवटच्या रविवारी पुस्तकावर गप्पा मारायला मंडळी तुमच्याच घरी बोलवूया, सातआठ जण येतील, बिस्किटं पुरेत. ताई, सणाचा मान घरी आल्यावर सूप सोडून बिस्किटं ठेवणारा मी कोण लागून गेलो? बाबांनी वरून काय म्हटलं असतं?

कादंबरी एका शिवणकाम करणाऱ्या बाईची आहे. डोंगरातल्या कुठल्याशा देशातून बर्फाच्या गावात येते, बटणांच्या कारखान्यात राबते, आणि परत जायची बॅग वर्षानुवर्षं पलंगाखाली भरून ठेवते. लिहिणारी आपल्याकडची नाही, तरी आमच्या पलंगाखालचं तिला कसं कळलं देव जाणे. (माझ्या बॅगेत झुल्मिराने केव्हाच ब्लँकेटं कोंबलीत, ती गोष्ट वेगळी.) मासे साफ करण्यात जन्म गेला माझा, पुस्तकाच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. पण हे वाचताना डोळे भरून यायचे, आणि मग अक्षरं मोठी करूनही दिसायची नाहीत. एकच घोर लागला: बाई परत जाते की नाही? शेवट आधी सांगेल त्याला सूप मिळणार नाही, अशी मी ताकीद देऊन ठेवली.

रविवारी मी चर्चच्या हॉलमध्ये सांगून आलो होतो, दार उघडं आहे म्हणून. झालं! सगळी गल्ली लोटली. निम्म्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं, पण भांडायला सगळे तयार. मिस केट्रिज बिस्किटांचा पुडा छातीशी धरून दारात उभीच राहिली. मग बाह्या सरसावल्या आणि पावावर पुदिना ठेवून रस्सा ओतायला लागली, जन्मभर हेच केल्यासारखी. मी कढईपाशी ओरडत होतो, ती परत जाणारच, गेलंच पाहिजे! शेजारचा केप व्हर्दीचा आर्लिंदो म्हणाला, "जाऊन करेल काय? तिला ओळखणारं तिथे उरलंय कोण?" मी म्हटलं, बहीण आहे ना! तेवढ्यात झुल्मिरा म्हणाली, "अहो, पुस्तकातल्या बाईला बोटीत बसवायची एवढी घाई, तुम्हाला कोणी धरून ठेवलंय?" सगळे हसले. मीही हसलो, पण रश्शाचा डाव हातातच राहिला.

सगळे गेल्यावर शेवटची दोन प्रकरणं वाचायला बसलो, तर मोबाईलमधून पुस्तक गायब! मी तडक आर्लिंदोवर आळ घेतला. दुसऱ्या दिवशी मिस केट्रिजने समजावलं, मुदत संपली की पुस्तक आपणहून परत जातं. ताई, काय हा शहाणपणा! आर्लिंदोने नेलेली माझी शिडी अजून आपणहून आलेली नाही.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, झुल्मिराचा तुला नमस्कार.

तुझा,
हर्मिनियो

ता. क. आर्लिंदोची माफी मागितली. शिडी नाही मागितली.

दुसरा ता. क. झुल्मिराने पुस्तक आधीच संपवलं होतं. तिच्याकडून शेवट काढून घेतला. बाई परत जात नाही. बॅग रिकामी करते आणि प्रवासाला निघालेल्या शेजारच्या पोरीला देऊन टाकते.

तिसरा ता. क. तो एक शब्द राहिलाच. दे. दोन्ही खोल्या ग्रासाला दे. भिंतींना तिला हवा तो रंग देऊ दे, फक्त फोटो एवढ्यात पाठवू नकोस. पुढच्या सणाला आम्ही येऊ, पाहुणे म्हणून. पाहुण्याला आधी वाढतात, एवढं तिला सांगून ठेव.