श्वास रोखायची सवय

शनिवार, धुळ्याहून परतताना, बसमध्ये

वैशालीचं कॉलेजातलं व्याख्यान ऐकून आले. पूर्वी आम्ही दोघी जळगावच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये बाटल्यांत केळीची रोपं वाढवायचो. आता ती परदेशात चिंपांझीच्या कातडीतल्या पेशींपासून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, बनवते आणि माणसाच्या स्टेम सेलशी ताडून बघते. आपण वेगळे कुठे झालो, ते शोधते म्हणे. आणि मी? अजून केळीच!

पडद्यावर तिचा व्हिडिओ लागला. पेशींच्या बशीचं झाकण उघडताना तिने श्वास रोखला. माय वं, तेच! श्वासातले जंतू आत जाऊ नयेत म्हणून ही सवय मीच तिला लावली होती. पण ती हे कशाला कुणाला सांगेल?

तेवढ्यात ती म्हणाली, "श्वास रोखायला मला सुनंदाताईंनी शिकवलं. त्या बघा, मागे बसल्यात."

सगळे वळून टाळ्या वाजवायला लागले. नाव घेतलं नसतं, तर निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं.