दगडावरचं नाव

प्रिय तेगवेन,

हे नाव पत्रावर आज पहिल्यांदाच लिहितेय. चाळीस वर्षं ते मी बंदरावरच्या, बुडालेल्यांच्या दगडावरच वाचत आलेय.

मंगळवारी आपल्या गावच्या कवीच्या घरात, आता संग्रहालय झालंय तिथे, तुला तिकीट दिलं ती बाई मीच. तू ओळखलं नाहीस. कसं ओळखशील? तू गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नेहमीसारखं पाहुण्यांना खिडकीपाशी नेऊन मी पाठ केलेलं सांगितलं, की कवीच्या शेजारची सतरा वर्षांची मुलगी या खाडीत बुडाली आणि तिच्यावरच कवीनं ती प्रसिद्ध कविता लिहिली. तेवढ्यात मागून कुणीतरी आपल्या वेल्श भाषेत पुटपुटलं, "समुद्रानं कसली नेली! सकाळच्या कार्डिफच्या बसनं नेली." मी वळले. हनुवटीवर तो व्रण, मीच फेकलेल्या पाटीचा. पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत बाहेर धावले, तोवर तुझी गाडी वळणापलीकडे गेली होती. अभिप्रायाच्या वहीत नाव दुसरंच होतं, पण अक्षर तुझंच, आणि खाली पत्ता होता.

खडकावर तुझे बूट मलाच सापडले, ठाऊक आहे? आदल्या दिवशी भांडताना मी तुला "मर एकदाची" म्हटलं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मंगळवारी तिथून तशीच आईकडे गेले. आई मटार सोलत होती. सगळं ऐकूनही तिचे हात थांबले नाहीत. "जिवंत आहे ना? बरं झालं," म्हणाली. "बूट मीच ठेवले होते गं. नाहीतर तुझा बाप पट्टा घेऊन कार्डिफपर्यंत गेला असता. मेलेल्याला कोण शोधतं?"

"आणि दरवर्षी मला त्या दगडापाशी फुलं घेऊन पाठवायचीस ते?"

"खरं रडणारं कुणीतरी हवं होतं, एलिनेड."

त्या दिवसापासून मी तिच्याशी धड बोललेले नाही. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. ते कळलं म्हणूनच आलीस ना?

आई रोज विचारते, "अंगानं भरलीय का गं?" मी उत्तर देत नाही. ते तू येऊन दे. पण आधी माझ्याकडे उतर. मेलेल्या बहिणीवर रागावता येत नाही गं. चाळीस वर्षं नुसती माफी मागत राहिले. आता तू जिवंत आहेस, तर मला तुझ्याशी कडाकडा भांडायचंय. म्हणून हे पत्र. ये.

तुझीच,
एलिनेड